सोनीबाईचा वाल गेला कुठं

१

मालेगावच्या बियाणं घरात चोरी झाली, पण कुलूप जागच्या जागी होतं, कडी जागच्या जागी होती आणि डबेही जागच्या जागी होते. गेलं होतं ते एका बाईचं नाव.

आधी त्या घराविषयी. मालेगावकरांच्या म्हणण्याप्रमाणे तिथं इतकी गावरान बियाणी साठवली आहेत, की एका हंगामात सगळी पेरली तर वाशीम जिल्हा कमी पडेल आणि उरलेली अकोल्याच्या हद्दीत नेऊन टाकावी लागतील. निम्मं खोटं धरा. तरी छतापर्यंत डबेच डबे, सगळे सारखे, आणि डब्यावर फक्त नंबर. पूर्वी नावं असायची. पण अमक्याचं नाव वरच्या फळीवर आणि आमचं उंदराच्या उंचीवर काहून, यावरून दोन सोयरिकी मोडल्या, तेव्हा अध्यक्ष मारोतरावांनी सगळी नावं खरवडून काढली. तेव्हापासून कोणाचं बी कुठल्या डब्यात, हे फक्त कॉम्प्युटरला ठाऊक.

आणि त्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर म्हणाला, सोनीबाई नावाची कोणी बाई मला ठाऊक नाही.

सोनीबाई समोरच होती. माळावरच्या तांड्यातून पायी आली होती आणि उंबऱ्याच्या बरोबर मधोमध बसली होती. आत जाणाऱ्याला तिला वळसा घालूनच जावं लागे.

"मी हाय," ती म्हणाली. "तुमच्या डब्ब्याले दिसत नसन त त्याले चस्मा लावा."

भांडण होतं जांभळ्या काठाच्या वालाचं. ही शेंग कीड लागू देत नाही, पाण्याचा ताण पडला तरी वेल हिरवाच राहतो आणि भाजी अशी होते की पाहुणा दुसऱ्या दिवशीही जात नाही. त्या वाणाची सरकारदरबारी नोंद व्हायची होती. कोणाच्या नावानं, ते ठरवायला विद्यापीठाच्या मॅडम दुपारी चार वाजता येणार होत्या. दावे दोन. एक सोनीबाईचा, दुसरा खुद्द मारोतरावांचा, कारण त्यांच्या भाजीच्या वाडीतही हाच वाल होता. एकदा नोंद झाली की वाल कायमचा त्या नावाचा. आणि सोनीबाईचं कार्डच नसेल तर डबा नाही, डबा नसेल तर दावा नाही.

बरं, एकटी सोनीबाईच नव्हे, अख्खा तांडाच कॉम्प्युटरमधून उठून गेला होता. लखीराम नाही, जमनाबाई नाही. राहिला फक्त एक जण, सोनीबाईचा पुतण्या बादल, तांडा ते मालेगाव जीप चालवणारा. सगळे गेले आणि हाच कसा राहिला? दहा वाजेपर्यंत तांड्यानं निकाल लावून टाकला होता, की बादल फुटला. फाट्यावर त्याच्या जीपमधून माणसं उतरली आणि उरलेली वाट चालत गेली.

इकडे कचेरीत मारोतरावांचे जावई मुकेश यांनी एक कागद टाइप करून शुभांगीपुढे सरकवला. हा सगळा कॉम्प्युटरचा कारभार शुभांगीनंच उभा केला होता. कागदावर लिहिलं होतं, 'माझ्या चुकीमुळे नोंदी नष्ट झाल्या.'

"सही कर," मुकेश म्हणाले. "मॅडमले काहीतरी दाखवा लागंल ना."

शुभांगीनं कागदाच्या चार घड्या घातल्या, खाली वाकली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली तो घट्ट बसवला. टेबल डुगडुगायचं थांबलं.

मग तिनं वाशीमला फोन लावला.

२

वाशीमच्या संघदीप अंभोरेचा धंदा विचित्र होता. लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये जे हरवतं, ते तो शोधून द्यायचा. पुण्यात शुभांगी त्याच्या हाताखाली शिकली होती. त्याचं एकच तत्त्व होतं आणि ते तो चहासोबत फुकट वाटायचा. मशीननं 'आहे' म्हटलं तर मानावं. 'नाही' म्हटलं तर विचारावं, तू पाहिलंस कुठं?

तो मोटारसायकल लावून दारात आला तेव्हा उंबऱ्यावरच्या म्हातारीनं त्याला वरून खालून पाहिलं.

"तू कोनाकडचा?"

"शोधनाऱ्याकडचा."

"मंग वलांडून जा. लपवनाऱ्यायले मी वळसा घालाले लावते."

आत मारोतराव खुर्चीत बसले होते. पांढरी बंडी, पांढऱ्या मिशा, आणि वरच्या खिशात नवा कोरा मोबाइल, अर्धा बाहेर दिसेल असा. संघदीपची नजर तिथं गेलेली पाहून ते सुखावले.

"जावईबापूनं देल्ला. धोंड्याच्या महिन्यात."

"धोंड्यात त सासऱ्यानं जावयाले द्या लागते," उंबऱ्यावरून आवाज आला. "तुमच्याइकडं गंगा उलटी वाह्यते वाट्टे."

"सोने, तू चूप बस."

"बसलीच हाव."

संघदीप शुभांगीच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. "कार्डं पुसली का कोनी?"

"नाही दादा. एक कार्ड जरी पुसलं तरी माझ्या फोनवर निरोप येतो. आला नाही."

"हे कोनाकोनाले माहीत हाय?"

"इथल्या सगळ्यांना."

"मंग पुसलं नसंल कोनी. आता मले सांग, शोधाचं बटन दाबलं की हे पाह्यते कुठं?"

शुभांगीच्या कपाळावर आठी आली. तिनं हे बटण कधीकाळी स्वतः बसवलं होतं, नंतर त्याकडे पाहायची गरज पडली नव्हती.

"ते ज्या सूचीत पाह्यते ती बाजूले ठेव," संघदीप म्हणाला. "पयल्या कार्डापासून शेवटल्या कार्डापर्यंत एकएक उघडून पाहू दे त्याले. घरोघर जाऊ दे."

"वेळ लागेल."

"लागू दे. चहा सांग."

मशीन घरघरत राहिलं. चहा आला, गार झाला, त्यावर साय धरली. मुकेश घड्याळाकडे पाहत राहिले. मग पडद्यावर एक कार्ड उघडलं.

देणारा: सोनीबाई. बी: वाल. काठ: जांभळा. पेरा: पोळ्याच्या आत.

त्याखाली लखीराम. त्याखाली जमनाबाई. अख्खा तांडा बिऱ्हाडासकट जिथल्या तिथं बसलेला होता.

"म्हनजे मी कुठं गेलतीच नाई," सोनीबाई म्हणाली.

"नाई माय. तू घरातच व्हतीस. तुह्या घराकडं येनारी वाट कोनीतरी खोदून टाकली."

३

शुभांगीनं ही कार्डं बांधली होती तीच मुळी वेगळ्या पद्धतीनं. सरकारी फॉर्मसारखे छापील रकाने तिनं ठेवलेच नव्हते. कारण बी देणारा माणूस रकान्यात बोलत नाही. एक म्हणतो, हे काळ्या मातीतलं. दुसरी म्हणते, हे माझ्या मावशीनं लुगड्याच्या गाठीत बांधून आणलं. तिसरा नुसता शेंगेचा कडकड आवाज करून दाखवतो. तेव्हा प्रत्येक कार्डावर जेवढ्या गोष्टी, तेवढ्या जोड्या. डावीकडे काय, उजवीकडे कोणतं. कोणाच्या कार्डावर चार, कोणाच्या कार्डावर चौदा. आणि या सगळ्या जोड्यांची मिळून एकच सूची, म्हणजे कशावरूनही विचारा, काठावरून, मातीवरून, मावशीवरून, डबा सापडावा.

"ही झाली माझी सूची," ती म्हणाली. "ती आहे अजून. पण शोधाचं बटण तिच्याकडे जातच नाहीये. कोणीतरी ते दुसऱ्या सूचीला बांधून ठेवलंय. ही बघा."

"ही कोनाची?"

"माझी," मुकेश म्हणाले. त्यांनी हात वर केला, शाळेत करतात तसा. "लपवतो कायले? भाजीचे भाव मेसेजनं पाठवाचे असतात. म्हनून ज्याच्या ज्याच्या कार्डावर मोबाइल हाय, त्याचीच वेगळी सूची केली. दोन वर्षं झाले. त्यात गुन्हा काय?"

"सूची करन्यात काहीच गुन्हा नाई," संघदीप म्हणाला. "डांबरी रोड बांधनं चांगलंच. पन पोस्टमनले सांगनं की डांबरी सोडून कुठंच जाऊ नको, आन् मंग सरपंचाले सांगनं की माळावर मानूसच राहत नाई, हे वेगळं. ते कोनं सांगतलं?"

"मले काय माहीत? पासवर्ड भिंतीवर लिहून हाय."

खरंच होता. कॅलेंडरच्या खाली, एकादशीच्या चौकोनाला लागून.

सोनीबाईनं मान तिरपी केली. "माहा मोबाइल नाई म्हनून मी नाई, असं व्हय?"

"तसंच. तुह्या कार्डावर मोबाइलच्या जागी काय हाय?"

शुभांगीनं वाचलं. "संपर्क: बादलची जीप."

"बरोबर हाय. काई निरोप असंल त बादलच्या जीपनं धाडा. पोचते."

लखीरामच्या कार्डावरही तेच होतं. जमनाबाईच्याही. तांड्याचा प्रत्येक माणूस बी द्यायला आला तेव्हा त्यानं हेच सांगितलं होतं आणि शुभांगीनं हेच लिहिलं होतं. अर्धं वर्ष माणसं ऊसतोडीला जातात, फोन बदलतात, हरवतात, विकले जातात. जीप मात्र दर साली परत येते.

"सगळ्यायच्या कार्डावर बादलची जीप," संघदीप म्हणाला, "आन् बादलच्या कार्डावर?"

शुभांगीनं उघडलं. तिचा आवाज उतरला.

"मोबाइल नंबर आहे दादा."

बाहेर रिकामी जीप येऊन थांबली.

४

बादल आत आला तो भांडायच्या तयारीनंच. तिशीचा गडी, गळ्यात गमछा.

"काकी, चाल घरी. इथं न्याव नाई."

"तुह्या संगं कोन येते? मी चालत आली, चालत जाईन."

त्याचा चेहरा एकदम पडला. बाकीच्यांनी उतरलेलं त्यानं सोसलं होतं, पण हे सोसवेना.

"तांड्यात मले म्हनून राह्यले, हनुमानाच्या पारावर हात ठेवून शपथ घे. मी नाई घेत. मी केलंच नाई त शपथ कायची? घेतली म्हनजे वाटंल का घ्या लागली."

"शाब्बास," संघदीप म्हणाला. "आता मले तुहा मोबाइल नंबर सांग."

"मोबाइल?" बादल हसला, पण कडू. "तो मागच्या पोळ्याले म्हशीनं तुडवला. घेतलाच नाई मंग. मोबाइल व्हता तवा लोकं म्हनत, थांब, आलोच. मी अर्धा अर्धा घंटा थांबो. आता हॉर्न वाजोतो आन् निंगतो. सारे टायमावर येतात."

"अन् त्याच्या आधीचा नंबर देल्ता का इथं?"

"कधीच नाई. मले भाजीचे भाव घेऊन काय करा लागते, मी काय वांगे हाव?"

संघदीप शुभांगीकडे वळला. "कार्डावर नंबर कसा चढते?"

"नंबर टाकला की त्यावर सहा आकड्यांचा कोड येतो. तो इथं भरल्याशिवाय नंबर पक्का होत नाही. आणि एक नंबर एकाच माणसाच्या नावावर."

"म्हनजे बादलच्या नावावर नंबर चढवनाऱ्याच्या हातात तो फोन असाच लागते. बरं, पक्का झाला कधी?"

"पाडव्याच्या आठवड्यात."

"पाडव्याले मी कोल्हापुराकडं व्हतो," बादल म्हणाला. "तांड्याचे लोकं आनाले गेल्तो. काकीले विचार. जीपमंदी माह्या मांडीवर पाय देऊन आली."

"आली खरी," सोनीबाई म्हणाली. पहिल्यांदाच ती पुतण्याकडे नीट पाहून बोलली.

संघदीपनं स्वतःचा फोन काढला.

"इथं रेंज नाई," मुकेश पटकन म्हणाले. "बाहेर या लागते, निंबाखाली."

"असं काय," संघदीप म्हणाला. मघाशी चहा याच खोलीतून फोन करून मागवला होता, हे त्याला आठवलं. त्यानं कार्डावरचा नंबर एकेक आकडा वाचत दाबला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग खोलीत बैलांच्या घुंगरमाळा वाजू लागल्या. अगदी जवळून. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मग सगळे एकाच ठिकाणी पाहू लागले.

मारोतरावांच्या बंडीचा वरचा खिसा थरथरत होता.

५

"वा रे अध्यक्ष," सोनीबाई म्हणाली. आवाज वरही गेला नाही की खालीही. "तुह्या वाडीत वालाचा मांडव माह्या हातानं बांधला मी."

मारोतरावांनी फोन बाहेर काढला आणि इंगळी धरावी तसा दोन बोटांत धरला. "मी नाई केलं," ते म्हणाले. "मले हा उचलताच येते फक्त. लावता नाई येत."

"मामा, तुमी काही बोलू नका," मुकेश म्हणाले. "आन् झालं ते झालं. म्हातारं मानूस हाय, चुकते. कार्ड सापडलं ना? हिचं कार्ड हाय, आमचंबी हाय. हिनं आधी आनून देल्लं, एवढंच. आधी देल्लं म्हनजे आधीचं व्हय का? आमच्या वाडीत हा वाल बापजाद्यापासून हाय. मॅडमले हेच सांगू."

बोलणं बिनतोड होतं. संघदीपला ते कबूल करावं लागलं. कोणी आधी दिलं हे कार्डावर होतं. कोणाचं कोणाकडून आलं, हे नव्हतं. साडेतीन होत आले होते.

"शुभांगी, बटन तुह्या सूचीले बांध. आन् सोनीबाईचं कार्ड पुन्हा काढ. साऱ्यायच्या समोर."

तिनं घाईघाईत चार ओळी लिहिल्या. देणारा असा डावीकडे असलेलं आणि सोनीबाई असं उजवीकडे असलेलं कार्ड. बटण दाबलं. या वेळी चहा सांगायचीही गरज पडली नाही, पापणी लवायच्या आत उत्तर आलं.

पण कार्डं दोन आली. एक सोनीबाईचं. दुसरं मारोतरावांचं.

मुकेश टाळी वाजवून हसले. "पाहा. सोनीबाई मागतली तर मारोतराव देते. अशा मशीनवर मॅडम निकाल देनार काय?"

शुभांगीचे कान लाल झाले. "माझी चूक आहे दादा. घाईत मी जोडी तोडली. दोन प्रश्न वेगवेगळे विचारले. आत्ता नीट करते."

"थांब," संघदीप म्हणाला. "हात लावू नको त्याले."

"म्हनजे झालं काय?" बादलनं विचारलं.

"असं समज, तू वरातीचा घोडा घेऊन गावात गेला. एका घरापुढं विचारलं, नवरदेव हाय का इथं? हाय. लखीराम हाय का इथं? हाय. मंग चढवा लखीरामले घोड्यावर. पन लखीराम त नवरदेवाचा आजा. दोघंबी त्याच घरातले, पन नवरदेव येगळा आन् लखीराम येगळा. मशीनचं तसंच झालं. या कार्डात 'देणारा' हाय, पन तो हाय मारोतराव. आन् या कार्डात 'सोनीबाई'बी हाय."

तो थांबला. त्यानं पडद्याकडे बोट केलं.

"आता मले एवढंच सांगा. मारोतरावच्या कार्डावर सोनीबाई करून काय राह्यली?"

६

बियाणं घराची एक रीत होती आणि ती कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची होती. बी घेऊन आलेल्या माणसाला बाकी काही विचारा अथवा विचारू नका, एक विचारायचंच, हे कोणावर गेलं? जसं पोरगं पाहून आपण विचारतो, हे बापावर गेलं की मामावर. आणि बी देणाऱ्यानं खरंच सांगायचं. बियाचं मूळ खोटं सांगितलं तर पेरलेलं आंधळं उगवतं, अशी समजूत. शुभांगीनं ही रीत कार्डात तशीच उतरवली होती. जोडीचं डावं नाव होतं 'वळण'.

तिनं मारोतरावांचं कार्ड मोठ्यानं वाचलं. "देणारा: मारोतराव. बी: वाल. काठ: जांभळा. वळण: सोनीबाई."

"हे मी टायपलं," ती हळूच म्हणाली. "मारोतकाका सांगत होते, मी लिहीत होते. विसरूनच गेले होते."

मुकेश पडद्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून संघदीपला कळलं, की ही ओळ ते आज पहिल्यांदाच वाचत होते.

"जावईबापू," तो म्हणाला, "तुमी या कार्डांवर नाव, गाव अन् मोबाइल सोडून कधी काई वाचलं का?"

"बाकीच्या गप्पा असतात."

"त्याच गप्पांनी तुमाले धरलं. आता आइका. मारोतरावले वाल बळकावाचा असता त त्यायनं पयल्यांदा ही ओळ झाकली असती. ती त्यायनंच सांगतलेली. त्यायले माहीत हाय, आन् ती तशीच हाय. म्हनजे लपवनारा त्यायच्यातला नाई. लपवनाऱ्याले ही ओळ हाय हेच माहीत नव्हतं."

"फोन त्यायच्या खिशात वाजला," मुकेश म्हणाले.

"वाजला. आज. पन बादलच्या नावावर नंबर चढला पाडव्याले. अन् हा फोन मारोतरावच्या खिशात आला कधी?"

उत्तर द्यायची कोणाला गरजच नव्हती. धोंड्याचा महिना पाडव्यानंतर पुष्कळ दिवसांनी आला होता आणि जावयानं सासऱ्याला वाण दिल्याची गोष्ट अख्ख्या मालेगावात महिनाभर चघळली गेली होती.

"तवापर्यंत तो कोनाच्या हातात व्हता, ते तुमीच सांगा. तुमचा सोताचा नंबर तुमच्या कार्डावर. तुमाले पायजे व्हता एक कोरा नंबर, जो कोनाच्याच नावावर नाई. नवा फोन, नवं सिम, बरं पडलं. कार्डं पुसता येत नव्हती, निरोप गेला असता. म्हनून वाट बंद केली. आन् सारा तांडा गेला असता त लोकं मशीनले बोलले असते. एक बादल मांगं ठेवला की तांडा आपसात भांडते, तुमच्याकडं कोनी पाह्यत नाई. मंग सासऱ्याले खुश करन्यासाठी फोन देऊन टाकला. आत काय अडकून बसलं, ते विसरून."

मुकेशनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, जणू पासवर्ड तिथून पुसला तर अजूनही काही वाचेल. मग सासऱ्याकडे वळले.

"मामा, तुमच्याच नावासाठी केलं. मारोत वाल. बोर्ड लागला असता."

मारोतराव बराच वेळ फोन हातात उलटापालटा करत राहिले.

"दावा म्याच टाकला," ते म्हणाले. "तुमी म्हनले टाका, म्या टाकला. मले माहीत व्हतं कोनाचा हाय. बोर्डाच्या नादात चूप बसलो." त्यांनी फोन टेबलावर ठेवला. टेबल डुगडुगलं नाही. "जावईबापू, उद्यापासून एक काम करा. हे सारे कार्डं हायत ना, पयल्यापासून शेवटल्यापर्यंत एकएक मोठ्यानं वाचा. मले आइकू आले पायजे. एकबी सोडाचं नाई. आन् सूची वापराची नाई."

दारापाशी गाडी थांबली. मॅडम सोनीबाईला वळसा घालून आत आल्या, मग का कोण जाणे, परत गेल्या आणि तिला हात देऊन आत घेऊन आल्या.

दोन्ही कार्डं त्यांनी पाहिली. डबे उतरवले गेले. सोनीबाईच्या डब्यात वाल राखेत घोळून ठेवलेला होता, तिनं चिमटीत धरून एक दाणा उजेडाकडे नेला. मॅडमनी मारोतरावांना विचारलं, तुमचा दावा आहे का?

"व्हता," मारोतराव म्हणाले. "बी आंधळं उगवू द्याचं नाई मले."

मॅडमनी टॅबवर फॉर्म उघडला. नाव, गाव, वाणाचं वर्णन, सगळं भरलं. शेवटी त्या थांबल्या.

"आजी, मोबाइल नंबर?"

"नाई."

"घरातला कोणाचाही चालेल. त्याशिवाय हा फॉर्म पुढे जातच नाही."

शुभांगी म्हणाली, माझा घाला. संघदीप म्हणाला, माझा घाला. मारोतरावांनी टेबलावरचा नवा फोन मुकाट पुढे सरकवला.

सोनीबाईनं कोणाकडेही पाहिलं नाही. खुर्चीत ती उंबऱ्यावर बसली होती तशीच बसली होती, मधोमध.

"ल्याहा. बादलची जीप."

"आजी, हे मशीन घेत नाही तसं."

"हे घेते," तिनं शुभांगीच्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. "तुमचं काहून घेत नाई? दाखव व पोरी."

शुभांगीनं या वेळी जोडी न तोडता विचारलं. डावीकडे संपर्क, उजवीकडे बादलची जीप, दोन्ही एकाच जोडीत. बटण दाबलं. लखीराम आला, जमनाबाई आली, सोनीबाई आली, एकामागून एक अख्खा तांडा पडद्यावर उतरत गेला. दुसरं कोणीही मधे घुसलं नाही.

मॅडम ते पाहत राहिल्या. मग त्यांनी टॅब मिटला, पिशवीतून कागदाचा फॉर्म काढला आणि संपर्काच्या ओळीवर पेनानं लिहिलं. लिहून झाल्यावर खाली शाईनं सही केली.

"वर विचारतील मला," त्या म्हणाल्या.

"इचारू द्या. त्यायले म्हना, मालेगावच्या फाट्यावर उभे राहा. हॉर्न वाजते."

बाहेर तो वाजलाच. बादल केव्हाच जीपमध्ये जाऊन बसला होता आणि सवयीप्रमाणे कोणासाठी थांबणार नव्हता. सोनीबाई उठली, उंबरा ओलांडला आणि पुढच्या सीटवर चढली.

"चाल," ती म्हणाली. "पन फाट्यावर थांब. चालत गेलेले भेटतीन, त्यायले घे. आन् पैसे दुप्पट घे."